तार आणि कडुनिंब

तोंडलीला मी मांडव केला
डेपोनं भंगारात काढलेल्या क्लचच्या केबलींचा.
चार पाइप, तेरा नंबरचा पाना, एक रविवार.
द्वारका म्हणाली, एवढं तर पोरींसाठी नाही केलं.
खरं होतं. मी बोल्ट आवळत राहिलो.

फाटा वसमतहून आला होता, ओल्या गोणपाटात.
साडूनं सांगून पाठवलेलं: मादी वेलीचाच आहे,
बी लावू नका, बियाचं कडू निघतं.
पेन्सिलीएवढा. दोन डोळे मातीत, दोन वर.

गुळवेल कुणी लावली नाही.
हमीदाबींच्या भिंतीपलीकडून कुणीतरी तुकडा फेकला,
तो आमच्या कडुनिंबाच्या बेचक्यात अडकला
आणि अडकल्या जागी राहायलाच लागला.
भाडं नाही, पाणी नाही.

आमच्या गल्लीत नळ नवव्या दिवशी.
भांड्यांचं पाणी तोंडलीला, तांदळाचं धुवण तोंडलीला,
दिवाळीनंतर छाटणी, बुडाला शेणखत,
माव्यासाठी राख, तीही फडक्यातून गाळून.
तिचे हात बघा, हिरव्या बारीक स्प्रिंगा.
केबल सापडली की दिवसात तीन वेढे,
मग मधेच उलटा पीळ,
म्हणजे वाऱ्यानं ओढलं तरी तुटायला नको.
जिंतूर डेपोत बत्तीस वर्षं काढली मी,
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

गुळवेलीला हात नाहीत.
ती अख्ख्या अंगानं धरते.
खोड आडवं कापा, आत चाक दिसेल,
आरे सुद्धा. बैलगाडीचं, आमच्या गाड्यांचं नव्हे.

तापाची साथ आली की माणसं दारात:
भाभी, बोटभर द्या. मावशी, वीतभर.
द्वारका ठेचून रात्रभर मडक्यात ठेवते.
सकाळी एक घोट, आणि तोंड असं वाकडं
की तापालाच दया यावी.
काहीजण चपला काढून निंबाखाली जातात.

तोंडलीपाशी कोण चपला काढतो?
ती रोजची. लांब काप, लसूण, कूट,
पावशेर जास्त निघाली तर शेजारी.
"औषधाला नमस्कार, भाजीला हाक नाही,"
द्वारका म्हणाली, आणि तवा जरा जोरातच ठेवला.

(माझी आई परीक्षेच्या महिन्यात तोंडली करत नसे,
म्हणायची, डोकं जड होतं, पाढे विसरतात.
मी सातवी नापास झालो. तोंडली न खाता.)

वैशाखात वायरमन आला.
वेल तारेला लागली म्हणून बुडातच कोयता घातला.
मी काही बोललो नाही,
खात्यातला माणूस दुसऱ्या खात्याला काय बोलणार.
वर पानं मात्र तशीच. आठ दिवस. पंधरा.
मग एक दोरा खाली यायला लागला,
दाभणाएवढा, कशालाच न धरता, नुसता हवेत.
मी भिंतीवर रोज खडूची खूण करायचो.
एकविसाव्या खुणेला हमीदाबी वरून ओरडल्या,
"टेकली बगा मिस्त्री, टेकली!"

त्याच उन्हाळ्यात तोंडली गेली.
नळ वीस दिवस आलाच नाही,
केबलींवर वाळकं जाळं, हात लावला की चुरा.
मी कुदळ घेतली.
"कामून उपटायलाव? खाली तर बघा."
खाली रताळ्यासारखी गाठ, मनगटाएवढी.
माझ्या कुदळीनं सोललं तिथं ओल.
म्हणजे आमचं खरकटं पाणी ही वर्षानुवर्षं खाली ठेवत होती,
आणि मी गल्लीभर सांगत होतो
की ही माझ्या बादलीवर जगते.
द्वारकेनं हातानंच माती परत सारली.
माझ्याकडे बघितलं नाही.

आता दोघी हिरव्या आहेत.
गुळवेलीचं एक टोक परवापासून मांडवाकडे निघालंय,
केबलीला दीड फूट उरलं असेल.
द्वारका म्हणते, मांडव सोडून दोन हात अलीकडे घ्या,
ही चढली तर तिला जड होईल.
मी म्हणालो, पाना सापडेना.

पाना खिशात आहे.