थांबा

तुझा चेहरा, नेरिस, मला नीटसा आठवत नाही.
फोटोत तू कायम मागच्या रांगेत, कुणाच्या तरी खांद्याआड.
पण तुझा उजवा कान
मी अंधारातही ओळखेन.

तू वेल्सची एक नंबर, मी स्कॉटलंडची तीन.
वर्षातून एकदा, फेब्रुवारीत नाहीतर मार्चात,
स्क्रममध्ये कानाला कान लागायचा, उजव्याला उजवा,
आणि दोन्हीकडून सात-सात जणींचं वजन
त्या कानांच्या पाळ्यांवर येऊन थांबायचं.
रेफ्री म्हणायचा: वाका. टेका. थांबा.
मग भिडा.

पहिल्या वर्षी मैदान म्हणजे शाळेमागचा चिखल.
रेषेबाहेर साठेक माणसं, निम्मी आपल्या घरची,
आणि एक कुत्रा, तो दोनदा आत आला.
माझी जर्सी पुरुषी मापाची, बाह्या दुमडलेल्या.
हॉटेलचं भाडं आम्ही केक विकून जमवलेलं.
कोण जिंकलं ते विसरले.
तुझ्या श्वासाला लवंगेचा वास होता.
दाढ दुखत होती का गं?

सोमवारी पहाटे मी पुन्हा शाळेच्या बसवर.
मान वळेना, आरशांच्या भरवशावर केल्सो गाठलं.
एका पोराने विचारलं, कुणी मारलं तुला?
म्हटलं, वेल्सने.

पुढे बरे दिवस आले. फिजिओ आली,
बायकांच्या मापाची जर्सी आली,
टीव्हीवाले एकदा आले नि हाफटाइमला निघून गेले.
तुझा श्वास बदलत राहिला:
संत्रं, खोकल्याचं औषध, आणि एका वर्षी
कसलाच वास नाही, नुसती धाप, भिडायच्या आधीच.
तुझी आई गेली होती त्या महिन्यात,
हे रात्री तुमच्या हूकरने सांगितलं.
मला दुपारीच काहीतरी कळलं होतं.

आणि ते सातवं वर्ष.
‘टेका’ला तुझा डावा हात माझ्या खांद्यावर आला
आणि ‘थांबा’पर्यंत थरथरत राहिला.
तुमच्या डॉक्टरला माहीत नव्हतं,
तुझ्या शेजारणीलाही नाही.
मला माहीत होतं.
मी त्याच खांद्यात घुसले. तीनदा.
तिसऱ्यांदा तू गुडघ्यांवर आलीस. शिट्टी. पेनल्टी.
आम्ही दोन गुणांनी जिंकलो.
पेपरात माझं नाव आलं, स्पेलिंग चुकवून.
कोच म्हणाली, खेळ असाच असतो.
असतोच.

पुढल्या वर्षी तुझ्या जागी एकवीसची पोरगी,
केसांना शाम्पूचा वास.
छान ढकलायची. माझं तिच्याशी काही भांडण नव्हतं.

मग नियम बदलले, मानेला बरं म्हणून.
‘थांबा’ काढून टाकलं मधलं.
मी त्याच मोसमात खेळ सोडला.
सगळ्यांना गुडघ्याचं कारण सांगितलं,
आणि गुडघा होताच म्हणा.

आता पोरींना पगार मिळतो. चांगलं झालं.
बघते मी टीव्हीवर, आवाज मोठा करून,
कारण उजव्या कानाने फारसं येत नाही.
बसमध्ये अडत नाही. पोरं डाव्या हाताला,
उजवीकडे नुसती काच.

सात पन्नासला नदीकाठच्या थांब्यावर
एकच मुलगी चढते, तिला रोज उशीर.
मी इंजिन बंद करते,
कान काचेला टेकवते.
गार असते काच.

खांद्याचं काय झालं गं मग?