सकाळी आठचं रक्त

कॉर्टिसॉलला आठचंच रक्त लागतं,
उशीर झाला की आकडा उतरायला लागतो.
म्हणून राजारामपुरीतल्या आमच्या लॅबच्या पायरीवर
साडेसातलाच येऊन बसलेले बाळगोंडा चौगुले,
हुपरीहून पहिल्या एसटीनं.
चेहरा पुनवेसारखा गोल,
हातपाय मात्र काटक्या.

"तब्येत धरली म्हणत्यात गावात,
मी बी हसून घेतो."

तीन वर्षं गुडघ्यासाठी पुडी.
पांढरी पावडर, कागदात बांधलेली, नाव नाही गाव नाही.
पहिल्याच पुडीला पैंजणाचं काम टाकून उठले
आणि जिना दोनदा चढून उतरले, उगीचच.

दंडाला पट्टा बांधते. कातडी पतंगाच्या कागदाची,
मागच्या सुईचा डाग अजून जांभळा.
"ह्यात नेमकं काय बघता, ताई?"

पेशीत एक ग्राही असतो, मी सांगते,
ताणाचं रसायन आलं की त्याला धरतो
आणि आतल्या खोलीत नेतो,
जिथं शरीराचे हुकूम लिहून ठेवलेत.
पुडीतलं औषध हुबेहूब त्याच रूपाचं.

ते ऐकतात: गिऱ्हाईक.
मी दुरुस्त करत नाही.

"म्हणजे भायेरचा तयार माल आला.
गिऱ्हाइकाला काय, वाजलं की झालं.
मग आमची भट्टी कोण पेटवतंय?"

सिरिंजमध्ये रक्त चढत राहतं.
एमएस्सीला दोन वर्षं हेच शिकले,
इतकं सरळ कुणी सांगितलं नव्हतं.

मूत्रपिंडावर टोपीसारखी बसलेली ती ग्रंथी,
पहाटे सगळ्यांच्या आधी मूस तापवणारी,
मागणीच नाही म्हणून
गार पडलेली.

दुसरंही एक औषध असतं, मला उगाच हुरूप येतो,
ग्राहीत जाऊन बसतं, पण घडवत काही नाही.
"आत गोळी न्हाई असलं घुंगरू," ते म्हणतात.
हो. पण तुम्हाला ते नकोय.
डॉक्टरांनी दिलीय ती गोळी घ्या, सांगतील तशी कमी करा,
एकदम बंद करू नका, एकदम बंद केली तर

"मूस तडकती," तेच पुरं करतात.

कापूस दाबून उठतात, उंबऱ्यावर थांबतात.
खिशातून शेवटची पुडी काढून टेबलावर ठेवतात.
"हितंच ऱ्हाऊ दे. रात्री गुडघा बोलाय लागला
की हात जातोय."

दुपारपर्यंत सोळा नमुने झाले.
पुडी तिथंच.
पिवळ्या डब्यात टाकायला उचलली
आणि आईचा जिना आठवला,
प्रत्येक पायरीला थांबणारा.

मुठीत किती हलकी लागते.