एक प्रत जास्तीची

तुर्भे नाक्याच्या आत, वजनकाट्याला लागून
माझं सहा बाय आठचं दुकान :
झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो दहा मिनिटांत.
वरच्या मजल्यावर एजंटचं ऑफिस,
मागच्या शेडमध्ये ट्रेड टेस्ट.
पोरं तिथे लोखंडाला लोखंड जोडून दाखवतात
आणि डोळे चोळत माझ्याकडे येतात.

"ताई, सगळ्याची एकेक."
मी एकेक देते.
एक ठेवते.

हे कुणी शिकवलं नाही. म्हणजे
शिकवलं तसं बापानेच.
घणसोलीच्या खाडीकाठी आमचं खाजण होतं.
संपादनाच्या कागदावर त्याने अंगठा दिला
आणि कागद साहेबाच्या बॅगेत गेला.
पुढली बावीस वर्षं तो ज्याला त्याला विचारायचा,
मी नेमका कशाखाली अंगठा दिला?
जाताना जमिनीचं काही बोलला नाही,
म्हणाला, प्रत ठेवत जा गं.

तर बिस्किटांच्या खोक्यांत,
नजीर पेवेकर, पाइप फिटर, महाड.
तुळसा गोवारी, घरकाम, दिघा.
रामअवध, आडनाव विचारलं तर नुसता हसला.
झेरॉक्समध्ये सगळ्यांचे चेहरे काळे येतात,
नंबर मात्र स्वच्छ.

नजीरचा फोन कधीच आला नाही.
बरं चाललं असेल.
किंवा फोनच नसेल.

तुळसाचा आला, रात्री साडेअकराला,
बाथरूममधून, नळ सोडून, कुजबुजत.
पासपोर्ट मालकिणीच्या कपाटात,
कपाटाची किल्ली मालकिणीच्या गळ्यात.
पाच महिने पगार नाही,
झोपायला इस्त्रीची खोली.
इथे सही केलेला करार उतरल्या उतरल्या काढून घेतला,
दुसरा दिला, उजवीकडून डावीकडे लिहिलेला.
"त्यात किती लिहिलंय, मला काय कळणार?
ताई, पहिल्यात किती होतं तेवढं तरी सांगा."

मी खोका काढला.
आकडा वाचला, मोठ्याने, दोनदा.
पलीकडे नळ वाहत राहिला.
मग ती म्हणाली,
म्हणजे मला खोटं आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शटर अर्धं ओढून
तिच्या भावाला घेऊन बेलापूरला गेले.
ह्या खिडकीवरून त्या खिडकीवर,
जेवणाच्या सुट्टीतून चहाच्या सुट्टीत.
साहेब म्हणाले, ही तर झेरॉक्स आहे,
मूळ प्रत कुठाय?
म्हटलं, मूळ प्रत तिकडे इस्त्रीच्या खोलीत झोपते,
तुम्हीच मागवा.

त्यांनी चष्मा काढला, पुसला,
आणि शिक्का शोधायला लागले.

चौथ्या दिवशी एजंट जिना उतरून आला.
"मॅडम, जास्तीच्या कॉप्या काढता म्हणे तुम्ही?"
मशीन जुनं आहे, म्हटलं,
कधी कधी दोन निघतात.
त्याने स्वतःचं मशीन आणलं.
आता कागद वरच्या वर होतात,
पोरं फक्त फोटोपुरती खाली येतात.
मी पांढऱ्या पडद्यापुढे बसवते,
हनुवटी वर, कान दिसू देत,
आणि बटण दाबायच्या आधी विचारते,
करार वाचलास का रे?
त्यानंतर कुणाची मान सरळ राहत नाही.
फोटो पुन्हा काढावा लागतो.
त्याचे पैसे मी घेत नाही.

तुळसा परवा आली.
सात महिने लागले तिला यायला.
आवाज अजून तसाच, नळाआडून बोलल्यासारखा.
पाचांपैकी तीन महिन्यांचे मिळाले,
उरलेल्या दोनांसाठी अर्ज लिहिलाय, स्वतःच,
वहीचं पान फाडून, ओळी वर चढत गेलेल्या.
काउंटरवर ठेवला, हाताने सपाट केला.
मी मशीनचं झाकण उचललं.
"दोन," ती म्हणाली.