सत्तेचाळिसावी चोच

काल्दाशमधल्या आमच्या कारखान्यात
भिंतीवर एक टेबलक्लॉथ ठोकलेला आहे.
पूर्वी पांढरा होता.

झुल्मीरा आली तेव्हा म्हणाली, दोन आठवडे.
ऑलिव्हच्या तेलाची बुधली, बस.
ओतून झाल्यावर शेवटचा थेंब
चोचीवरून खाली ओघळू नये, इतकंच.
इतकंच, म्हणाला इलीदियू,
आणि चाक थांबवून हसत बसला.
त्याच्या बापाच्या बुधल्या गळायच्या.
बापाच्या बापाच्याही.
बुधलीखाली बशी ठेवायची असते
हे या गावात मुलं बोलायच्या आधी शिकतात.

पहिली चोच बगळ्यासारखी. गळली.
दुसरी आखूड. गळली.
सातवीत तेल मागे फिरलं, आम्ही टाळ्या वाजवल्या,
आणि ते मुठीवरून थेट माझ्या बाहीत शिरलं.
अकरावी ते एकोणिसावी मला आठवत नाहीत.
साचे माझ्याकडे असतात; मी प्लास्टर कालवत होतो
आणि मनातल्या मनात झुल्मीराला शिव्या घालत होतो.

मातीचं एक आहे. ओली असताना ती सगळ्याला हो म्हणते.
मग भट्टी तिच्यातून आपला वाटा काढून घेते,
आठातला एक, कधी जरा जास्त,
आणि चोचीची कड जिथे धारदार हवी
नेमकी तिथे झिलई जाडसर होऊन बसते,
पाहुण्यासारखी, उठायचं नाव न घेता.

प्रत्येक बुधली आधी दोना देओलिंदाच्या खाणावळीत जाते.
ती माशावर तेल ओतते, बुधली खाली ठेवते,
आणि न बघता बुडाखालून बोट फिरवते.
बोट वर करून दाखवते. चकाकतं.
तो टेबलक्लॉथ तिचाच. धुऊन निघेना म्हणून आमच्या गळ्यात घातला.

तेविसाव्या रात्री झुल्मीरा रडली, असं इलीदियू सांगतो.
मी पाहिलं ते वेगळं.
बुधली कलंडलेली, तेल सगळ्या रेखाटनांवर पसरलेलं.
मी फडकं घेऊन धावलो. तिनं हात आडवा धरला.
तेल पिऊन कागद आरपार झाले होते.
तेविसावीतून बाविसावी दिसत होती,
तिच्यातून सोळावी, आणि अगदी तळाशी
फिकट, लाजल्यासारखी, ती बगळ्याची मान.
टोकाला प्रत्येक रेष वेगळी.
टोकाखाली, गळ्यापाशी, तेवीसच्या तेवीस एकावर एक.
तिथे आम्ही कधी हातच लावला नव्हता.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं.
चोविसावी गळली.

पण त्यानंतर ती तारीख सांगेनाशी झाली.
सकाळी यायची आणि म्हणायची, आज कशी गळते बघू या,
जसं कुणी विचारावं, आज समुद्रावर धुकं आहे का.
आणि इलीदियू, चाळीस वर्षं एकच बुधली घडवणारा,
एका दुपारी कुणाला न सांगता
चोचीच्या गळ्याखाली अंगठा दाबून गेला.
का?
माहीत नाही. हात गेला.

सत्तेचाळिसावी गळत नाही.
देओलिंदाचं बोट कोरडं आलं.
तिनं ते पुन्हा फिरवलं, मग नाकाशी नेलं.
"छान," म्हणाली. "पण धार इतकी बारीक,
की तेल पडेपर्यंत मासा उठून पोहायला लागेल."

झुल्मीरा इतकी हसली की शेजारच्या टेबलावरचे वळून बघू लागले.
आम्ही पायी परतलो,
बुधली तिच्या कोटाच्या खिशात.
इलीदियूनं दिवा लावायच्या आधी
ओल्या फडक्याखालची माती चाचपली.
मऊ होती अजून.