वहीतला शेवटचा नंबर

लिहून घ्या, फादर.
मी फिलोमिन बारदेस्कर, मूळ गाव आजरा,
सध्या मुक्काम कसबा बावडा, साखर कारखान्याच्या वाटेवर,
साक्ष देते माझ्या धाकट्या भावाची:
कायतान. वय पंधरा वर्षं, पाच महिने.

पहिलाच प्रश्न तुमचा:
लहानपणापासून भक्तिभाव होता काय?
फादर, तो मिस्सेत झोपायचा.
प्रवचन सुरू झालं की डोकं माझ्या खांद्यावर,
फ्रॉकवर लाळेचा डाग.
नाताळात शेजारी वाटायला दिलेल्या नेवऱ्यांतल्या
दोन खिशात घालायचा
आणि विचारलं की कबूल व्हायचा.
खोटं त्याला जमायचंच नाही.
पत्त्यांत कायम हरायचा.

वहीचं म्हणाल तर
दोनशे पानी, महाद्वार रोडवरनं घेतलेली, मागं पाढे.
तेव्हा आम्ही दसरा चौकाजवळ भाड्यानं राहत होतो,
सीपीआरच्या सगळ्या गाड्या खिडकीखालनं.
सायरन वाजला की हा ताट सोडून उठायचा,
नंबर टिपायचा, तारीख, वेळ,
आणि खरकट्या हातानंच एक नमो मारिया.
"आत कोण आहे आपल्याला ठाऊक नाही,
नंबर दिला की देवाला हुडकायला सोपं पडतंय."
आई ओरडायची, भात गार होतोय.
गावाकडचा घनसाळ, वास अख्ख्या जिन्यात.

महापुराच्या आठवड्यात वहीत गाड्याच नाहीत.
बोटींना नंबर दिसेना, म्हणून त्यानं रंग लिहिलेत:
पिवळी. केशरी. परत केशरी.
निळं पिंप बांधलेली एक.

मग त्याचंच रक्त नासलं.
पांढऱ्या पेशी वाढल्यात, डॉक्टर म्हणाले.
"पांढरा रस्सा जास्त झाला," हा म्हणाला,
आणि आई पहिल्यांदा त्याच्यावर हात उगारून
तसाच धरून राहिली.

पुण्याला हलवायचं ठरलं, पहाटे.
आडवा पडल्या पडल्या मला म्हणतो,
"बाय, नंबर काय गं ह्या गाडीचा?"
मी रडत चढले होते. बघितलाच नव्हता.
तोंडाला आला तो सांगितला:
चार एक सात सहा.
सलाईनच्या हातानं लिहिला त्यानं,
सहा ओळीखाली घसरलाय, बघा.
ओठ हलले.
किणीचा टोल नाका यायच्या आत झोपला.
मला वाटलं, झोपला.

आता ती वही तुम्ही लाल कापडात बांधून नेणार,
उद्या काचेत ठेवाल, लोक हात जोडतील.
म्हणून सांगते, हेपण लिहा:
शेवटचा नंबर खोटा आहे.
खोटं माझं, अक्षर त्याचं.

चमत्कार? मला एकही माहीत नाही.
गळीत हंगामात, रात्री शिफ्टवरनं येताना,
उसाचे ट्रॅक्टर रांगेत उभे असतात कारखान्यापर्यंत,
चालक शेकोटीशी, टेपवर काहीतरी मोठ्यानं लावलेलं.
मी एकेक पाटी वाचत चालते.
चार एक सात सहा अजून भेटला नाही.
असंल की कुणाचा तरी.
दुधाचा टेम्पो असंल,
नाहीतर रंकाळ्यावर नवीन स्कूटर शिकणारी
एखादी पोरगी, ब्रेक न सापडणारी.
तिला काय ठाऊक,
कोण कुठल्या गाडीतनं तिच्यासाठी मागून गेलंय.

सही कुठं करू, फादर?
तुमचं पेन उठेना.