नखाचा रंग

आधी यायचे ते मकरपुऱ्याचे.
पॉवर प्रेसखाली गेलेली बोटं
रुमालात, पिशवीत, एकदा तर जेवणाच्या डब्यात,
बर्फ थेट मांसाला लागलेला.
मग आम्हीच कारखान्याच्या गेटवर जाऊन सांगितलं:
आधी ओलं फडकं, मग पिशवी, मग बर्फ.

जोडलेल्या बोटाचं नख रात्रभर, तासातासाला, दाबायचं.
पांढरं होतं. सोडलं की दोन मोजेपर्यंत
गुलाबी परतायला हवं.
चहा बंद, तंबाखू बंद.
वसनजी पढियार दहा दिवस चहावाचून राहिले,
रोज विचारायचे, "बेन, नुसता वास घेऊ?"
दहा दिवसांत माणसाच्या सासूचं नावही कळायचं.

आता प्रेसला सेन्सर बसलेत म्हणे. सगळ्या नाही.
आता चौदा जानेवारीला दुपारपासून मांजा,
दोन बोटं वळत नसलेली पोरं
फिरकी कुठं राहिली म्हणून रडतात.
एरवी सुन्न मनगटं, साखरेनं पोखरलेले तळवे,
सकाळी सातला दाखल, चारला घरी,
एक हात गळ्यात, दुसऱ्यात कागद.

कागदावर लिहिलंय, हात छातीच्या वर ठेवा.
भाखरी कोण लाटणार ते लिहिलेलं नाही.
म्हणून मी विचारते. वेणी कोण घालतं?
गॅसचा बाटला कोण हलवतं? नाडी?
नाडीवर हंसाबेन बारियांनी मान खाली घातली.
तेव्हापासून माझ्या खणात
कात्रीशेजारी इलास्टिकचं रीळ असतं.

काल रात्री पावणेदोनला पादऱ्याहून फोन:
"बेन, अंगठा काळा पडलाय."
फोटो पिवळ्या बल्बखालचा,
त्यात भिंत, चादर, अंगठा, सगळंच हळदीचं.
म्हटलं, व्हिडिओ लावा. फ्रिज उघडा.
हात आत नको, गार लागेल. दाराशी, उजेडात धरा.
दुधाची पिशवी, अर्धी काकडी,
हांडव्याचं झाकलेलं पीठ,
आणि पुढे पट्टीतून डोकावणारं नख.
दाबा. सोडा.
एक.
मी दांडिया बाजारातल्या माझ्या अंधाऱ्या ओट्याशी
चष्मा न लावता उभी.
दो...
"दिसलं का?" हे त्यानं नाही, मीच विचारलं.

मागून त्याची बायको म्हणाली,
"आता बंद करू का? दूध नासेल."