ताट्या

पारडीच्या पुलाखाली, जिथं नागनदी
अख्ख्या शहराचं ऐकून घेऊन मंद झालेली असते,
तिथं आम्ही बारा तराफे सोडले.
पाइपांची चौकट, काथ्याची गादी,
गादीला भोकं, भोकात वाळा.
वर पातं हिरवंगार, बोट चिरेल असं.
खाली मुळं,
न विंचरलेल्या केसांसारखी पाण्यात सोडलेली.

वाळा मला कोणी शिकवायला नको होता.
इतवारीत वीस उन्हाळे मी ताट्या भरल्या.
होळी जळली की गठ्ठे यायचे,
बांबूच्या कामट्या, सुतळी,
आणि झोपेतही नाकात त्या मुळांची माती.
मग कूलरला कागदी पोळ्यांच्या जाळ्या आल्या
आणि माझे हात मांडीवर पडून राहिले.
म्हणून वैजयंती मॅडमनी वस्तीत येऊन विचारलं,
वाळ्याचं काम कुणाला येतं,
तेव्हा मी हात वर केला,
शाळेत कधी केला नव्हता तसा.

मॅडम म्हणतात, मुळं विष पितात.
क्रोमियम म्हणतात, शिसं म्हणतात.
मी म्हणते, रंग.
माझे बाबा, उरकुडाजी नंदनवार,
सूत रंगवायचे. तांब्याचा हंडा, खाली जाळ,
काठीनं ढवळत राहायचं,
आणि उरलेलं पाणी नालीत.
नाली नदीत.
गुरुवारी नदी जांभळी, शुक्रवारी हिरवी,
आम्ही पोरी उद्याच्या रंगावर चिंचोक्यांची पैज लावायचो.
बाबांच्या नखांतला हिरवा शेवटपर्यंत गेला नाही.
तिरडीवर पाहिला मी.
दहाही बोटं.

वर कारखाने आहेत, खरं आहे.
त्यांची नावं मॅडमच्या फाइलीत आहेत.
पण एक हंडा आमचाही होता.

आठ महिन्यांनी पहिला तराफा ओढला.
मुळं हातभर. काळी, चिकट, जड,
न्हाणीच्या मोरीतून निघावीत तशी.
धुतली,
आणि मला एकदम खाली बसावं लागलं.
तोच वास.
इतवारीतला, मार्चमधला, जसाच्या तसा.
विषाला वास नाही. वाळ्याला आहे.

मे. सेहेचाळीस.
डांबर चप्पल सोडत नव्हतं.
गांधीबागेतले सुगनचंदजी, माझं जुनं गिऱ्हाईक,
पुलावर स्कूटर थांबवून वाकले:
"अवो बाई, काहून भरून राहिल्या पोत्यात?
एक ताटी करून द्या ना मले.
त्या जाळ्यांत काही जीव नाही. मागाल ते देतो."
मी म्हटलं, शेठजी, यात नदी आहे.
ते हसले. "मग तर थंडच लागन."
मागाल ते.
मला भाड्याचे तीन महिने आठवले.
पोत्याचं तोंड मी दोनदा बांधलं,
एकदा सुतळीनं, एकदा गाठीवर गाठ.

पोती निळ्या ड्रमात, ड्रमावर कवटीचं चित्र.
"हे कुठं जाईन, मॅडम?"
वाळवू, म्हणाल्या. मग जाळू, धूर कोंडून.
राख मोजू. राख सिमेंटात थापू.
"अन् मग?"
मॅडमनी चष्मा काढून पुसला.
पुष्कळ वेळ पुसला.

काल पाण्याचा रिपोर्ट आला.
कमी झालंय, म्हणाल्या.
किती, विचारलं,
तर त्यांनी अंगठा आणि बोट जवळ आणलं,
मधे एवढीशी फट.

ती चिमट मला ओळखू आली.
बाबा हंड्यावर हात धरायचे तेव्हा
तेवढाच रंग असायचा चिमटीत.
फार नाही.
एका काठापुरता.

लुगड्याच्या म्हणते मी.